गुलमर्गची स्नो बाइक : यंत्र पास, वाट काठावर

हिवाळ्यात कोल्हापुरातून निघणाऱ्या काश्मीर टूरच्या पत्रकात गुलमर्गचा एक दिवस असतोच, आणि त्या दिवसाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : स्नो बाइक, स्वखर्चाने. हा रिव्ह्यू त्या बारीक अक्षरांचा आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. फेरी घेण्यासारखी आहे. यंत्रं बऱ्यापैकी आहेत, चालवणारी पोरं बर्फातच वाढलेली, हाताला पक्की आहेत. कमी पडते ती वाट. आणि या वाहनात निम्म्याहून जास्त मजा अन् जवळजवळ सगळी सुरक्षितता वाटेवरच अवलंबून असते. कोणतं यंत्र, किती वाजता आणि कुठल्या भागात, एवढे तीन प्रश्न नीट सोडवले तर पैसे वसूल. नाहीतर थोडा वेळ कंबर हिसडून घ्यायची आणि खाली उतरायचं.

आधी यंत्र. आपण जिला स्नो बाइक म्हणतो ती म्हणजे स्नोमोबाइल : पुढे दोन स्की (बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या), मागे एक रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बॉम्बार्दिए यांनी 1937 मध्ये बर्फावर पट्ट्याने चालणाऱ्या गाडीचं पेटंट मिळवलं आणि 1959 मध्ये 'स्की-डू' ही एकदोन माणसांची हलकी गाडी बाजारात आणली. आजची बहुतेक यंत्रं त्याच आराखड्यावर चालतात. गिअर नाही, क्लचचा लिव्हर नाही. ताकद जाते ती व्हेरिएटर (वेगाप्रमाणे आपोआप जुळणारी पुली) आणि बेल्टमधून. अ‍ॅक्टिवाचं डावीकडचं कव्हर ज्याने एकदा उघडलंय त्याला हे यंत्र समजायला पाच मिनिटं पुरतात. बेल्टच्या पुढे चेनकेस (चेनची बंद पेटी) आणि चेनकेसमधून पट्ट्याच्या ड्राइव्ह शाफ्टला फिरकी, एवढाच फरक.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, गुलमर्ग 2,650 मीटरच्या आसपास. दर तीनशे मीटर चढाला इंजिनची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे तिथे पोचेपर्यंत समुद्रसपाटीच्या मानाने चौथा हिस्सा गेलेला असतो. जुनं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक यंत्र असेल आणि त्यातला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) उंचीप्रमाणे बदललेला नसेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं : निळसर-काळा धूर, प्लग काळे, पिकअप मेलेला. फ्युएल इंजेक्शनचं यंत्र मिश्रण आपणहून जुळवून घेतं, पण हवा विरळ ती विरळच. म्हणून पुढे चालवणारा पोरगा, मागे नवरा-बायको आणि मध्ये दाबून बसवलेलं लेकरू अशी चौघांची वरात काढू नका. मऊ बर्फात कमी वेगाने एवढं वजन ओढताना पुलीवर बेल्ट घसरतो, तापतो आणि तुटतो. बेल्ट जळाल्याचा वास आला की समजायचं, फेरी आता फार लांब जाणार नाही. दोन माणसं एका यंत्राला पुरेत.

यंत्र ताब्यात घेण्याआधी ही तपासणी करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि इंजिन बंद असतानाच करायचं.

उजव्या मुठीजवळ अंगठ्याने दाबायची पट्टी असते, तीच रेस. ती पूर्ण दाबून सोडा. टपकन जागेवर आली पाहिजे. हळूहळू किंवा अडखळत परत येत असेल तर केबलमध्ये ओलावा गोठला आहे. असं यंत्र घ्यायचं नाही, मग तो कितीही सवलत देवो. रेस अडकलेली स्नोमोबाइल म्हणजे अडीचशे किलोचा गोळा झाडाच्या दिशेने सुटलेला. त्यानंतर लाल किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) आणि टेदर, म्हणजे एक टोक यंत्राला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरी. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी बऱ्याचदा यंत्रावरच गुंडाळून ठेवलेली दिसते. ती आपल्या अंगाला अडकवायला सांगा, नाही म्हटलं तर पुढच्या यंत्राकडे चला.

मग खाली वाका. स्कीच्या तळाशी लोखंडी पट्टीवर कार्बाइडची धार असते, वळताना बर्फात रुतते ती हीच. धार गोल झाली असेल तर कडक बर्फावर हँडल वळतं आणि यंत्र सरळ जातं. हातमोजा काढून बोट फिरवू नका, नुसतं बघितलं तरी कळतं. मागच्या पट्ट्याच्या आत, रुळांवर काळ्या किंवा रंगीत प्लॅस्टिकच्या दोन लांब पट्ट्या दिसतील. पट्टा यांच्यावरून घसरतो. त्या झिजून धातूला भिडल्या असतील तर पट्टा खराब होतो आणि यंत्र अडखळत चालतं. या पट्ट्यांना थंड ठेवतो आणि वंगण पुरवतो तो उडणारा भुसभुशीत बर्फ. लिक्विड कूलिंगच्या यंत्रात इंजिनचं पाणीसुद्धा सीटखालच्या पत्र्यावर उडणाऱ्या याच बर्फाने गार होतं. म्हणून नुसत्या काचेसारख्या बर्फावर पाच-सात मिनिटं पळवलं की प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो आणि तापमानाचा दिवा लागतो. उपाय सोपा : यंत्र कडेच्या मऊ बर्फात न्यायचं, थोडं चालवायचं, दिवा विझतो. काही यंत्रांना रुळाजवळ स्प्रिंगचे काटे लावलेले असतात. ते खाली सोडले की कडक बर्फ खरवडून बारीक बर्फ आत उडवतात. असे काटे दिसले तर मालक यंत्राची काळजी घेणारा आहे, एवढं नक्की धरा.

शेवटचा प्रश्न तोंडी : "स्पेअर बेल्ट है क्या?" बॉनेटखाली किंवा सीटमागे एक बेल्ट असायलाच हवा. असेल तर तो बदलायला जाणत्या पोराला दहा मिनिटं लागतात. नसेल तर तुम्ही गमबुटात चालत परत.

ताजा बर्फ गुडघाभर पडलेला असेल तर रुंद पट्ट्याचं यंत्र मागा. साध्या यंत्राचा पट्टा पंधरा इंच रुंद असतो, कामाच्या यंत्रांचा वीस किंवा चोवीस. रुंद पट्ट्याचं यंत्र वळायला जड, दिसायला बोजड, पण दोन माणसं घेऊन मऊ बर्फावर तरंगतं. बारीक, चकचकीत, रेसिंग स्टिकरवालं यंत्र फोटोला भारी दिसतं आणि दोघांच्या वजनाने त्याच बर्फात आधी रुततं.

आता आपल्या लोकांची मुख्य अडचण. कोल्हापूरकराला दुचाकी येते, आणि इथे तीच सवय आडवी येते. बुलेटच्या सवयीने उजवी मूठ पिळली तर काहीच होत नाही, मग माणूस गोंधळून पकड घट्ट करतो आणि अंगठा रेसवर दाबला जातो. डाव्या हाताचा लिव्हर क्लच नाही, ब्रेक आहे. तो पट्ट्याला थांबवतो, स्कीला नाही. तेव्हा ब्रेक करकचून दाबून ठेवला तर पट्टा जाम होऊन यंत्र घसरतच राहतं. टप्प्याटप्प्याने दाबायचा, आणि त्याआधी नुसता अंगठा उचलायचा. पट्ट्याचा आणि बेल्टचा प्रतिकार एवढा असतो की रेस सोडली की यंत्र आपोआप बरंच मंदावतं.

वळण वेगळं. मोटारसायकल वाकवून वळवता येते, ही गाडी स्कीवर वजन टाकून वळते. वळणाआधी रेस सोडा, म्हणजे वजन पुढे सरकतं आणि स्की चावतात. वळणातच रेस दिली तर पट्टा मागून ढकलतो, पुढचं हलकं होतं आणि यंत्र सरळ निघून जातं. उताराला आडवं जाताना अंग चढाच्या बाजूला झुकवायचं, मागच्यानेसुद्धा. मागचा माणूस घाबरून उताराकडे कलला की यंत्र उलटायला तेवढं पुरतं.

आणि पाय. दुचाकीवाल्याचा पाय तोल जाताच आपोआप खाली जातो. इथे तो कधीही टेकवायचा नाही. टेकवलेला पाय बर्फात अडकतो, यंत्र पुढे जातं आणि घोटा किंवा गुडघा पिळवटतो. दोन्ही पाय फूटबोर्डवर, टाचा दाबून, काही झालं तरी. ओढणी, स्कार्फ, भाड्याच्या ओव्हरकोटचा लोंबता पट्टा आत खोचलेला असावा. साडी नेसून बसायचं नाही, फोटोपुरतंही नाही.

चालू यंत्राच्या मागे उभं राहू नका. रात्री पट्टा गोठून बसतो, म्हणून सकाळी पोरं मागची बाजू उचलून हलवतात आणि पट्टा मोकळा करतात. त्या वेळी रेस दिली की पट्ट्यातले बर्फाचे आणि दगडाचे तुकडे मागे गोळीसारखे सुटतात. नेमकं तिथेच मोबाइल घेऊन उभं राहायची लोकांना हौस.

एवढं यंत्राचं. आमच्या मते गुलमर्गचे गुण जातात ते वाटेत.

गोल्फ कोर्सच्या आणि बाजाराच्या सपाट भागात घोडे, स्लेज ओढणारे, एटीव्ही (जाड टायरच्या चारचाकी बाइक), पहिल्यांदा स्की घातलेली मंडळी, पायी फिरणारी कुटुंबं आणि स्नोमोबाइल, सगळे एकाच पट्ट्यात असतात. एकाच वाटेवर अनेक जण असण्यात मुळात काही चूक नाही. बर्फाळ देशांत अशा सामायिक वाटांचं मोठं जाळंच आहे : क्यूबेकमध्ये स्नोमोबाइलच्या वाटा तीस हजार किलोमीटरहून जास्त, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पस्तीस हजारांच्या आसपास, आणि त्यांची देखभाल मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक नोंदणी-शुल्काच्या आणि पासांच्या पैशातून करतात. कॅनडात न्यूफाउंडलंडची रेल्वे 1988 मध्ये बंद झाली आणि तिचा 883 किलोमीटरचा मार्ग सार्वजनिक वाट म्हणून राखला गेला. हिवाळ्यात तिथे स्नोमोबाइल धावतात, उन्हाळ्यात सायकली, एटीव्ही आणि पायी जाणारे. क्यूबेकमधल्या अशाच एका जुन्या रेल्वेमार्गावर हिवाळ्यात दक्षिणेकडचा भाग स्कीवाल्यांना आणि उत्तरेकडचा स्नोमोबाइलला दिलेला असतो. वाट एक, पण कोणी कुठे आणि कधी जायचं हे ठरलेलं.

तिथले नियम साधे आहेत आणि इथे पाळायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त बाजू बदला : तिथे उजवीकडून चालतात, आपल्या रस्त्याच्या उलट. गुलमर्गला मात्र डावीकडूनच चाला, कारण समोरचाही डावीकडूनच येणार. पायी माणूस किंवा स्कीवाला दिसला की वेग माणसाच्या चालीवर आणायचा आणि त्याला आधी जाऊ द्यायचं. घोडा दिसला तर थांबून इंजिन बंद. बिचकलेला घोडा कुठल्या बाजूला उडेल हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही. डावा हात सरळ वर म्हणजे थांबा. समोरून येणाऱ्याला आपल्या मागे अजून यंत्रं आहेत हे डाव्या अंगठ्याने खांद्यावरून मागे दाखवून सांगायचं, आणि रांगेतल्या शेवटच्याने मूठ वळून दाखवायची, म्हणजे समोरच्याला कळतं की वाट मोकळी झाली. पाच-सहा यंत्रांचा ग्रुप घेऊन जाणाऱ्या टूर मॅनेजरने निघण्याआधी हे सगळ्यांना एकदा करून दाखवावं.

वाटेचा दुसरा दोष म्हणजे लाटा. एकामागे एक यंत्रं त्याच रेषेवरून गेली की प्रत्येकाच्या रेसने आणि ब्रेकने बर्फात उंचवटे आणि खड्डे तयार होतात. पहिला उंचवटा पुढच्या यंत्राला उडवतो, ते जिथे आपटतं तिथे नवा खड्डा पडतो. दुपारपर्यंत गुडघ्याएवढ्या लाटा. ज्यांच्या मणक्याच्या चकतीला त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांचं नुकतं ऑपरेशन झालंय, त्यांनी या लाटांवर बसू नये. इतरांनी लाट येताना सीटवरून किंचित उठून गुडघ्यांवर धक्का घ्यावा.

व्यवस्थित राखलेल्या वाटेवर रात्री ग्रूमर फिरतो : मोठं पट्ट्याचं यंत्र आणि मागे ओढायचा लोखंडी सांगाडा. त्याची पाती उंचवट्यांचे माथे कापतात, तो बर्फ खड्ड्यांत भरतात आणि मागचा सपाट तवा तो दाबतो. यानंतर वाटेला काही तास थंडीत तसंच सोडावं लागतं, तेव्हा कण एकमेकांना चिकटून बर्फ कडक होतो. लगेच कोणी वरून गेलं की सगळी मेहनत वाया. गुलमर्गच्या या सपाट पट्ट्यात दिवसभराची तुडवातुडव रात्रीच्या थंडीने जेवढी जमून येईल तेवढीच. म्हणूनच वेळ महत्त्वाची. सकाळची पहिली फेरी घ्या. बर्फ रात्रभर गोठून कडक, गर्दी नाही, घोडे अजून खालीच. दुपारी उन्हात वरचा थर ओला होतो, पट्टा चिखलासारखा बर्फ उडवतो, स्की बुडतात. संध्याकाळी तोच ओला बर्फ खड्ड्यांसकट गोठतो, आणि तेव्हा हाडं मोजून घ्यावीत असे धक्के बसतात.

गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या केबल कारचं, तिकीट असेल तर फेरी खाली न घेता पहिल्या टप्प्यावर, कोंगदूरीला घ्या. उंची तीन हजार मीटरच्या पुढे, बर्फ कोरडा, जागा मोकळी. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवावं लागतं आणि हंगामात ते लवकर संपतं, हे टूरवाल्याला कोल्हापूर सोडण्याआधीच विचारा. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत जातो, पण तिथे या फेरीचा विचार करू नका. तो उतार हिमस्खलनाचा आहे आणि चांगल्या स्कीवाल्यांनीही गस्तीपथकाच्या सूचनेनंतरच उतरायचा.

महिना कोणता? चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, सर्वांत थंड. पण थंडी म्हणजे बर्फ असं समीकरण आता राहिलेलं नाही. 2024 चा जानेवारी जवळजवळ संपेपर्यंत गुलमर्ग कोरडं होतं, आणि 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. आमची पसंती फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याला. थर साठलेला असतो आणि दिवस मोठा झालेला असतो. नाताळच्या सुट्टीत गेलात तर बर्फ पातळ, गवत आणि दगड वर आलेले, अशा वेळी स्नोमोबाइलवर पैसे घालवू नका. यंत्राचंही नुकसान, तुमचंही.

यंत्र रुतलं तर रेस देत राहू नका. पट्टा खालचा बर्फ खोदून स्वतःची खाच करतो आणि यंत्र पोटावर बसतं. दोघांनी उतरायचं, स्कीपुढचा आणि पट्ट्यापुढचा बर्फ पायाने तुडवून घट्ट करायचा, एकाने बाजूला उभं राहून स्कीचा पुढचा कडा ओढायचा आणि दुसऱ्याने अंगठा हलकेच दाबायचा. समोर किंवा मागे कोणी नको.

कपड्यांबाबत थोडक्यात. उणे पाच अंशांत ताशी तीस किलोमीटरने गेलं की अंगाला उणे तेरासारखं लागतं, आणि मागे बसणाऱ्यापेक्षा पुढच्याला जास्त. आत घाम शोषून न ठेवणारा थर, मध्ये लोकर, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन घालू नका, घाम धरून ठेवतं आणि मग थंडी आतून लागते. थंडीत आपल्या गावात लागणाऱ्या तिबेटी स्टॉलवरचा जाड लोकरी स्वेटर मधल्या थराला उत्तम. ओव्हरकोट आणि गमबूट गुलमर्गच्या पायथ्याच्या तांगमर्गला भाड्याने मिळतात. बूट एक नंबर मोठा घ्या. दोन मोज्यांवर घट्ट बसलेला बूट रक्त अडवतो आणि बोटं आधी गारठतात. आत हात घालून अस्तर कोरडं आहे ना बघा, आदल्या गिऱ्हाइकाचा ओलावा त्यात असतो.

दराचं. दर बर्फावर आणि गर्दीवर हलतो, म्हणून आकडा देत नाही. भाव ठरवताना "एक राउंड" या शब्दावर सौदा करू नका, राउंड कितीही लहान असू शकतो. कुठून कुठपर्यंत, मध्ये उतरून थांबायचं का, एका यंत्रावर किती जण, पेट्रोल धरून का, चालवायला देणार की मागे बसवणार, हे पाचही एकदम ठरवा, आणि पैसे उतरल्यावर द्या. हॉटेलच्या दारात येऊन बुकिंग करणाऱ्यापेक्षा यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाशी बोला. मधला हिस्सा वाचतो, आणि मुख्य म्हणजे वर सांगितलेली तपासणी करता येते. टूरच्या विम्यात साहसी खेळ वगळलेले आहेत का हेही निघण्याआधी वाचा, बहुतेक साध्या पॉलिसीत ते वगळलेलेच असतात.

हेल्मेटशिवाय बसू नका. तिथे मिळणारी अनेकदा सैल आणि आतून ओली असतात, म्हणून घरातलं आयएसआय मार्कचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट बॅगेत टाकून न्या, जागा खाल्ली तर खाऊ दे. श्वासाने काच धुकटते. ती एक खाच उघडी ठेवायची आणि नाकावरचा रुमाल वरून आत न खोचता खाली मोकळा सोडायचा, म्हणजे वाफ हनुवटीकडून निघून जाते.